तारेअलीकडचे तीन क्रौंच

मंगळवारी दिवस मावळताना तीन पांढरे क्रौंच किंड्राचुकच्या शेतातल्या पाणथळात उतरले: नर, मादी आणि त्यांचं गेल्या उन्हाळ्यातलं पिल्लू. झिमझिम चालू होती, पलीकडचा काठ दिसत नव्हता. पक्षी-संशोधक व्हर्ना पेक्रुलने वहीत वेळ लिहिली, वारा लिहिला आणि नियमाप्रमाणे अर्ध्या मैलावर, दक्षिणेच्या कच्च्या रस्त्यावर गाडी उभी केली. टेक्सासच्या किनाऱ्यापासून उत्तरेकडे अकरा दिवस ती त्यांच्या मागे होती. पिल्लाच्या पायात रेडिओची पट्टी होती. गेल्या ऑगस्टमध्ये उत्तरेच्या दलदलीत, त्याला मांडीत धरून, ती तिनेच बांधली होती. त्या वर्षी साऱ्या जगात रानात राहणारे असे क्रौंच शंभरही उरले नव्हते.

बुधवारी सकाळी सगळीकडे धुकं होतं. पाणथळ नाही, कुंपण नाही, गाडीचं नाकही जेमतेम दिसत होतं. कानाला लावलेल्या यंत्रात पिल्लाची टिकटिक मात्र स्वच्छ येत होती. पक्षी उडत असला की हा आवाज लहानमोठा होतो. उभा असला की एकसारखा येतो. पहाटेपासून तो एकसारखाच येत होता, म्हणून व्हर्ना निवांत होती.

आठच्या सुमाराला ओरेस्ट किंड्राचुक आपला ट्रक घेऊन आला. जमीन त्याची, वय सत्तरीच्या पुढे. हातात कॉफीचा थर्मास आणि बायकोने केलेला खसखशीचा रोल.

"काय पोरी, आहेत का पाहुणे? का माझी बार्ली खाऊन पसार?"

"आहेत. ऐका." तिने यंत्र त्याच्या कानाला लावलं.

"सासूबाईंच्या घड्याळासारखं वाजतंय. उडत का नाहीत?"

"धुक्यात ते उडत नाहीत, मिस्टर किंड्राचुक."

"म्हणजे माझ्या जावयापेक्षा शहाणे. तो धुक्यातच गाडी पळवतो." त्याने रोलचा तुकडा मोडून तिला दिला. "पण बरं झालं, तारेच्या अलीकडेच उतरले."

"कुठली तार?"

"विजेची. जानेवारीत ओढली की. उत्तर काठाला लागून सरळ गेलीय. जमीन गोठलेली असते तेव्हाच खांब टाकतात, चिखलात यंत्रं रुतायला नकोत म्हणून. तुझ्या नकाशात नाही?"

नकाशा तीन वर्षांपूर्वीचा होता. व्हर्नाने तो उघडला, पाहिला आणि मिटला. हातातला तुकडा तिने तसाच डॅशबोर्डवर ठेवला.

"मेलेल्या पक्ष्याचा आवाजही एकसारखाच येतो," ती म्हणाली.

ओरेस्टने थर्मास खाली ठेवला. ती पुढे म्हणाली:

"रात्री बिचकून उठला असेल आणि तारेला आपटला असेल, तर पक्षी लगेच मरत नाही. पंख मोडतो, पडून राहतो. मग कोल्हे येतात. लवकर हाती लागला तर वाचतो."

"तुमचा नियम काय सांगतो?"

"काही झालं तरी अर्ध्या मैलाच्या आत जायचं नाही."

"आणि तू?"

ती रबरी बूट चढवत होती.

त्या भागात कुणी धुक्यात किंवा हिमवादळात शिरलं की मागे राहिलेला हॉर्न वाजवत राहतो, म्हणजे जाणाऱ्याला परतीची दिशा कळते. ओरेस्टचा भाऊ एकदा असाच घरी पोचला होता. ओरेस्ट ट्रकमध्ये चढून बसलासुद्धा.

"हॉर्न नको!" व्हर्ना म्हणाली. "ते जिवंत असले तर उठतील."

"बरं, नाही वाजवत. पण तुझी हाक ऐकू आली तर वाजवणार. मग तू नको म्हणालीस तरी ऐकायचा नाही."

"तेवढं चालेल." हाक मारायचा तिचा विचारच नव्हता.

पक्षी पडला असेल तर तारेखालीच पडला असेल. म्हणून ती पूर्वेचं कुंपण धरून वळसा घालून उत्तर काठाला पोचली आणि खांबामागून खांब चालू लागली. तार दिसत नव्हती, डोक्यावर तिची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. टिकटिक वाढत गेली. चौथ्या खांबाशी धुकं थोडं पातळ झालं.

तिघेही उभे होते. साठ पावलांवर, गुडघाभर पाण्यात, धडधाकट. पिल्लाच्या पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके अजून होते. आणि तिघेही तिच्याकडे बघत होते.

व्हर्ना जागच्या जागी थिजली. मग तिने एक पाऊल मागे घेतलं. बूट चिखलातून मोठ्याने सुटला.

नराने मान पुढे ताणली. पाठोपाठ मादीने, मग पिल्लाने. अकरा दिवसांत तिने ही ताणलेली मान अकरा वेळा पाहिली होती; दोन-तीन सेकंदांत पक्षी उठतो, आणि उठतो तो वाऱ्याला तोंड करून. वारा उत्तरेचा होता. ते तिच्याच दिशेने उठणार होते, तारेकडे.

तिने दोन्ही हात वर फेकले आणि घसा फोडून ओरडली.

नर वळला. तिघेही पाणी तुडवत उलट्या दिशेला धावले, उचलले गेले आणि दक्षिणेच्या धुक्यात नाहीसे झाले. तिच्या कानातला आवाज लहानमोठा होऊ लागला, हळूहळू बारीक होत गेला. तार तिच्या माथ्यावर होती आणि पक्षी तिच्यापासून दूर चालले होते.

तेव्हा दक्षिणेकडून हॉर्न वाजला. लांब, मग पुन्हा लांब.

टिकटिक वाढू लागली.

पंखांची फडफड तिच्या डोक्यावर आली तेव्हा काहीच दिसलं नाही. तार झणझणली. ती थरथर एका खांबावरून पुढच्या खांबावर गेली. काहीतरी जड पाण्यात पडलं.

व्हर्ना धावली. मादी होती. मान मोडलेली, एक पंख पाण्यावर पसरलेला. नराची हाक उत्तरेकडे लांब जात होती. टिकटिक मात्र लांब जात नव्हती. लहान होई, मोठी होई, पुन्हा लहान. पिल्लू आईवर घिरट्या घालत होतं, तारेच्याच उंचीवर.

आणि हॉर्न थांबत नव्हता. प्रत्येक हॉर्नला वरची घिरटी बिचकून वाकडी होत होती. ओरेस्टला थांबवायला हाक मारावी, तर ती ऐकून तो आणखी जोरात वाजवणार. व्हर्नाने मादीचा पंख सोडला आणि त्याला थांबवायला हॉर्नच्या रोखाने सरळ पाण्यात शिरली. चिखल एकेक पाऊल धरून ठेवत होता. ट्रक अर्ध्या मैलाहून लांब होता. पिल्लू तिच्या पाठीमागे, तारेकडेच होतं, आणि कानातली टिकटिक पुन्हा मोठी होत होती.