वाफेच्या टाकीची खांदशेकणी

आमच्या सावली गावात धान उकडायची टाकी कुणी बसवली, असं कुणी विचारलं की मी आधी पदर सावरते, मग सांगते, माझ्या सुनेनं, दिव्यानीनं.

गावच्या बाया भिजवलेलं धान तिच्याकडे आणतात, ती ते वाफेवर उकडून देते. टाकीच्या झाकणाखाली काळ्या रबराचं कडं आहे. ते बिघडलं तर वाफ पळते, आणि भिजलेलं धान त्याच दिवशी उकडलं नाही तर आंबतं.

आमचे सोमाजी (नाव घेते, लाजायचं वय गेलं) बैल विकल्यापासून गप्पच झाले होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून तेल-हळद चोळायची त्यांची सवय. यंदा बैल नाहीत, म्हणून स्वारी टाकीकडे वळली. त्या कड्याला मोहाच्या बियांचं तेल चोळलं, आणि पोळा सरला तरी रोज चोळत राहिले.

मग एका सकाळी अंगण धानानं भरलेलं असताना झाकणातून वाफ फसफसायला लागली. टाकी थंड करून उघडली, तर कडं भिजलेल्या वालासारखं फुगलेलं. बायांचे चेहरे उतरले. सोमाजींनी त्याच्या जागी बसवायला घरात पडलेलं तेलाच्या पंपाचं रबरी कडं पुढं केलं.

"ते नायट्राइल रबर हाय, मामाजी," दिव्यानी म्हणाली. "तेलात टिकते, पण वाफेत कडक होऊन चिरते. आपलं ईपीडीएम रबर. वाफ, उकळतं पाणी, ऊन, सारं सोसते. फक्त तेलानं फुगते."

सोमाजींनी हातातलं कडं खाली ठेवलं. मी त्यांना झापायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात दिव्यानीनं आतून नवं कडं आणलं.

"पोळ्यालेच मागवून ठेवलं होतं."

"तुले मालूम होतं, त मले अडवलं काऊन नाई?"

"बैल गेल्यापासून पहिल्यांदा तुमचे हात चालून राह्यले होते."

माझा राग कुठल्या कुठं गेला. तिनं कडं आणि गरम पाण्याचं पातेलं त्यांच्यापुढे ठेवलं. "तेल नोका लावू. पाण्यानं शेका, ते याले चालते."

त्यांनी फडकं बुडवून कडं सावकाश शेकलं, अगदी बैलाचा खांदा शेकावा तसं, आणि स्वतःच्या हातानं खाचेत बसवलं. झाकण आवळलं. वाफ कुठूनच निघाली नाही. सगळं धान उकडून निघालं.

आता टाकीबद्दल कुणी विचारलं, तर मला पदर सावरायलाही वेळ मिळत नाही. सोमाजीच आधी बोलतात, "आमच्या सुनेची हाय."