भिंगरीची टिकटिक

धाकटीला "हे जमणार नाही" असं कुणी सांगायची सोय नव्हती. सांगितलं की तिच्या अंगात आलंच म्हणून समजा. जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळण्यात, वाइंडिंग करण्यात तिचे केस पिकले होते. असल्या बाईपुढे वडिलांचा जुना हीटर म्हणजे कोण मोठा लागून गेलाय!

"फेक ते डबडं," दादा फोनवर म्हणाला. "अण्णा माझ्याकडेच राहतील. तुला कशाला नसता व्याप?"

"व्याप वाटला तर सांगेन हं तुला," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

खरी गोम वेगळीच होती. अण्णांची नजर पार गेली होती आणि त्यांनी दोन्ही लेकरांना ठणकावून सांगितलं होतं, "जिथे मला माझं माझं करता येईल, तिथे राहीन. ऊठसूट हाका मारायला मी तान्हं बाळ नाही." दादाच्या घरी त्यांना पाण्याचा पेलासुद्धा कुणी उचलू देत नसे. आणि धाकटीला अण्णा आपल्या घरी हवे होते, अगदी मनापासून हवे होते. थंडीत त्यांना त्यांचा हीटर लागणार, तो आधी धडधाकट करायचा, एवढं तिने मनाशी पक्कं केलं.

उघडला तर आत उंदराने संसार थाटलेला. वायरचं कापड हात लावताच भुगा झालं. बाहेरून सगळं लोखंड, आणि अर्थिंगचा पत्ता नाही! "अण्णा, तुम्ही इतकी वर्षं वाचलात कसे?" ती एकटीच बडबडली. तिने तीन तारांची नवी वायर घातली, अर्थची तार बॉडीला घट्ट आवळली, नवी कॉइल बसवली, हीटर कलंडला तर वीज तोडणारा स्विच लावला. मीटर लावून पुन्हा पुन्हा तपासलं. मागचा पितळी पत्रा घासून असा लखलखीत केला की त्यात भांग पाडावा.

कॉइलच्या वर, लाल काचेमागे, पत्र्याची एक भिंगरी होती. गरम हवा लागली की ती फिरायची आणि काचेवर जाळ हलल्यासारखा दिसायचा. तिचं एक पातं वाकडं होतं, फिरताना दांडीला टिकटिक घासायचं. धाकटीने तेही सरळ केलं. आता भिंगरी कशी मुकाट फिरत होती! स्वतःवर जाम खूश झाली बाई.

रविवारी दादा अण्णांना घेऊन आला. बॅग मात्र त्याने गाडीतच ठेवली. धाकटीने हीटर लावला, अण्णांना समोरच्या खुर्चीत बसवलं आणि चहा टाकायला वळली.

"हा बंद का गं?" म्हणत अण्णांनी हात पुढे केला, थेट तापलेल्या जाळीकडे.

धाकटीने झेप घेऊन मनगट धरलं.

"चालू आहे, अण्णा! लालबुंद झालाय!"

"मग टिकटिक कुठे गेली?" अण्णा चिडले. "टिकटिक म्हणजे तापलेला, टिकटिक थांबली म्हणजे निवलेला. मी आता ओळखायचं कसं? तुला हाका मारून?"

"बघ," दादा म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं?"

"तू जरा गप बस," धाकटी म्हणाली. चुकली होती ती, साफ चुकली होती. पण रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तिने प्लग काढला, हीटर निवू दिला, पक्कड घेतली आणि जे पातं सरळ करताना तास घालवला होता ते एका पिळात वाकडं केलं. मग प्लग परत लावला.

"आता तुम्हीच लावा, अण्णा. बटण उजव्या हाताला."

अण्णांनी चाचपत बटण दाबलं. कॉइल तापली, भिंगरी हलली आणि टिक, टिक, टिक सुरू झालं. अण्णांनी हात शेकले, पण जाळीपासून वीतभर लांबून. मग त्यांनी आपणच बटण बंद केलं आणि कान देऊन बसले. टिकटिक मंदावली, थांबली. अण्णांनी आणखी जरा वाट पाहिली आणि अलगद हीटरच्या माथ्यावर हात ठेवला.

"निवला," ते म्हणाले.

मग दादाच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवून म्हणाले, "माझी बॅग वर आणून दे, आणि तू निघ. अंधार पडायच्या आत घरी पोच."