वळलेली बाजू

लंबू तिच्या कानाला फोन लावून उभा होता, कारण तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत ग्लव्हबॉक्सच्या, त्या हवाबंद पेटीच्या, रबरी हातमोज्यांत होते. हवा लागली की सोडियम वाया. म्हणून आत हात असलेल्याचा फोन शेजाऱ्याने धरायचा आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, अशी प्रयोगशाळेची रीतच पडली होती. पलीकडून तिचा भाऊ सांगत होता, बाबांना दवाखान्यात हलवलंय, लगेच निघ.

तिने हात काढले नाहीत. चार्ज करताना सोडियमला काटे फुटत, ते मधला पातळ पडदा भोसकत आणि बॅटरी मरे. यातच तिची उमेदीची वर्षं गेली होती. या वेळी पडद्याला तिने एका बाजूने लेप दिला होता. तो घालून भरलेले सेल, म्हणजे छोट्या बॅटऱ्या, उद्या चाचणीच्या मशीनवर चढवायचे होते. त्यानंतर सर एकच काम पुढे चालू ठेवणार होते, तिचं नाहीतर लंबूचं.

“तू जा,” लंबू म्हणाला. “मी भरतो सेल.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हात उपसून गेली.

लंबूही काही ताजातवाना नव्हता. त्याचेही सेल एकेक करून माना टाकत होते. हातमोजे आतून अजून गरम होते. चिमट्याने पहिला पडदा उचलून तो थांबला. दोन्ही बाजू सारख्याच पांढऱ्या. लेप सोडियमकडे हवा, आणि तो कुठल्या बाजूला हे ती सांगायलाच विसरली होती. उलटा बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. हे त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तसा पडदा कडेला किंचित आत वळला होता. लेप वाळताना आक्रसतो, आपली बाजू ओढून घेतो. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. तरी त्याने हात बाहेर काढले आणि ती पोचण्याइतका वेळ जाऊ देऊन तिला फोन लावला. बापाच्या उशाशी बसून, बाजू सांगायची राहिली, हाही घोर तिच्या जिवाला नको.

“लेप कुठल्या बाजूला आहे गं?”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“गाडीत आठवलं होतं मला,” ती म्हणाली. “फोन हातातच होता. केला नाही. सुलटी सांगितली असती, तर उलटी कुठली तेही कळलं असतं तुला.”

लंबू भिंतीला टेकला. राग यायला हवा होता, पण रागवायलाही अंगात त्राण लागतं.

“आत वळते ती बाजू,” ती म्हणाली. “ती सोडियमकडे.”

“बरं झालं विचारलं,” तो म्हणाला. “बाबा कसे आहेत?”

“झोपलेत.”

तिने फोन ठेवला नाही. त्यानेही तो ग्लव्हबॉक्सवर तसाच चालू ठेवला आणि हात आत घातले.