पोत्यातलं इंजिन

मी व्हॅन आहे, मित्रांनो. जुनी आहे. माझा रंग एके काळी पांढरा होता; आता अणदूरच्या आसपासच्या वस्त्यांच्या धुळीनं मला स्वतःचाच एक रंग दिला आहे, त्याला काय म्हणावं ते मलाही सांगता येणार नाही.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथं माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एका रांगेत उभ्या होत्या, सगळ्यांचे डोळे लखलखीत आणि काचा स्वच्छ. तिथून मी सोलापूरच्या एका व्यापाऱ्याकडे गेले. त्यानं मला हौसेनं वापरलं, दर दसऱ्याला हार घातला, आणि नवी मोठी गाडी आल्यावर मला विकूनही टाकलं. मला घेतलं अणदूरच्या अल्ताफनं. अल्ताफ आठवडी बाजारांत चादरी विकायचा. सीटा काढून माझ्या पोटात गठ्ठे रचायचा आणि वाटेत गाणी म्हणायचा. गळा बेताचाच होता, पण मला त्याची सवय झाली.

मग एका पावसाळ्याच्या तोंडी पत्रे शाकारताना अल्ताफ घसरून पडला. पाठीचा मणका दुखावला. तो खाटेवर आणि मी घरामागच्या लिंबाखाली, असा आमचा तो सगळा पावसाळा गेला. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. कुणाचा दोषही नव्हता. घरात आजारी माणूस असताना गाडीकडे कोण बघणार? पण माझी पेट्रोलची टाकी अर्धी रिकामी होती आणि ओलाव्यानं तिला आतून गंज धरायला लागला. गंज आवाज करत नाही, मित्रांनो. तो आपला गुपचूप वाढतो. मला तो कळत होता, पण मला तोंड कुठं आहे?

दिवाळीनंतर एका सकाळी अल्ताफच्या बायकोनं, शबनमनं, किल्ली हातात घेतली.

यात्रा भरते त्या मोकळ्या माळावर ती गाडी शिकली. अल्ताफ कमरेला पट्टा बांधून शेजारी बसायचा. "क्लच हळू सोड. हळू. अगं, हळू म्हंजे हळू!" माझा गिअर तिनं इतका खरखर वाजवला की माळावरची गुरं पळाली. कट्ट्यावरचे लोक हसले. महिन्याभरात तेच लोक बाजूला होऊन तिला वाट देऊ लागले.

शबनमनं माझ्या सीटा परत बसवल्या आणि वस्त्यांवरच्या मुलींना अणदूरच्या शाळेत ने-आण करायचं काम धरलं. रानातल्या वस्त्या, एकाकी वाटा. गाडी बाई चालवते म्हणून घरची माणसं मुलींना पाठवत. मेंढपाळ बिरदेव आणि हरणाबाई यांची मुलगी समृद्धी त्यांतलीच. दहावीत होती. शबनमच्या मागच्या सीटवर बसून ती विज्ञानाचं पुस्तक मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्या मुली तिला गप्प बसायला सांगायच्या. चादरींच्या गठ्ठ्यांपेक्षा हे ओझं मला फार आवडायचं.

पण गंज वाढतच होता.

शाळेच्या अलीकडे एक चढ आहे. तिथं माझा दम कोंडू लागला. पेट्रोल येईना. आचके देत मी थांबायची. शबनम थोडा वेळ बसून राहायची, मग किल्ली फिरवायची आणि मी निमूट चालू व्हायची. एक दिवस पूर्वपरीक्षेचा पेपर होता आणि मी काही केल्या चालू होईना. मुली उतरून धावत सुटल्या. शबनम स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला हायवेवरच्या एका गॅरेजात नेलं. मोठी पाटी, चकचकीत पाने-पकडी, गाड्यांची गर्दी. तिथल्या मालकाला सगळे शेठ म्हणत. त्यानं माझा आवाज एकदा ऐकला आणि बोट नाचवत म्हणाला, "प्लग. शंभर टक्के."

प्लग बदलले. तिसऱ्या दिवशी मी चढावर थांबले. मग पंप बदलला, तोही शंभर टक्के. मी पुन्हा थांबले. मग कार्बोरेटर खोलला, साफ केला, बसवला. दर खेपेला शबनम पैसे मोजायची, आणि दर खेपेला वाटायचं की एवढं घातलंच आहे तर आता मागं कसं फिरायचं? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं अल्ताफ खाटेवरून म्हणालाही. शेवटी शेठ म्हणाला, "इंजिनच खोलावं लागंल."

तिथून माझा कोंडवाडा सुरू झाला.

माझ्या पुढच्या सीटा काढून भिंतीला टेकवल्या. इंजिन उचलून बाहेर घेतलं आणि सुटं करून एका पत्र्यावर मांडलं. पुढची चाकं काढून मला विटांवर उभं केलं. मित्रांनो, तुमचं काळीज काढून समोर ठेवलं आणि तुम्हाला त्याकडे बघत उभं केलं तर कसं वाटेल? दुखणं माझ्या टाकीत होतं आणि ही माणसं माझ्या छातीत शोधत होती. मी ओरडले असते. पण हॉर्नची तारसुद्धा सुटलेली होती.

शेठ पत्र्यापुढे उभा राहून कितीदा डोकं खाजवायचा. त्याला कळलेलं नव्हतं. "मला कळत नाही" एवढे तीन शब्द त्यानं शबनमला सांगितले असते, तर ती मला दुसरीकडे घेऊन गेली असती. पण पाटी मोठी होती, आणि मोठ्या पाटीखाली ते शब्द त्याच्या तोंडून निघेनात. एका खोट्यासाठी दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं. "पार्ट पुण्याहून यायचाय." "माणूस गावाला गेलाय." "उद्या या." ताकास तूर लागू देईना. माझं भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं. शेजारी एक फुटकी जीप होती, तिच्यात वेल चढले होते. मी तिच्याकडे बघायची आणि मला माझं पुढचं दिसायचं.

आणि एका दुपारी माझा कार्बोरेटर दुसऱ्या एका व्हॅनला बसला. माझ्या डोळ्यांसमोर. तिचा झिजलेला कार्बोरेटर माझ्या पत्र्यावर आला. ती व्हॅन झोकात निघून गेली आणि मी विटांवर उभी राहिले.

शबनम एसटीनं यायची. एकदा आली तेव्हा तिचा आवाज निराळा होता. "शेठ, एका पोरीची शाळा सुटलीय. बाप म्हणतो, गाडी न्हाय तर पाठवायचं कसं? कोकरं राखायला लावलंय तिला. परीक्षा तोंडावर आलीय."

ती समृद्धीच होती, हे मला न सांगता कळलं.

"मी काय करू, बाई?" शेठ म्हणाला. "तुमच्या घरच्यांना पाठवा. अल्ताफभाईशी बोलतो मी."

"गाडी मी चालवते. माझ्याशी बोला."

"पार्ट आला की..."

"पार्ट नको. माझी गाडी द्या."

"अशी कशी नेता? इंजिन खोललंय!"

"खोललेलं द्या."

सगळं गॅरेज तिच्याकडे बघू लागलं. ती बाजूच्या दुकानातून एक रिकामं पोतं मागून आली, ओढणी कमरेला खोचली आणि पत्र्यावरचा एकेक भाग उचलून पोत्यात भरू लागली. हात कोपरापर्यंत काळे झाले. शेठ आधी हसला, मग तोंड फिरवून फोनवर बोलत बसला. कुणी तिला अडवलं नाही आणि कुणी मदतीला हातही लावला नाही.

आता मला न्यायचं कुठं? ते तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. ज्याला विचारावं तो आपापल्या मिस्त्रीचे गोडवे गाई. फक्त दुधाचा टेम्पो चालवणारा माणिकप्पा वेगळं बोलला होता. "तामलवाडीचा रेवणप्पा. त्यानं एकदा माझं काम घेतलंच न्हाय. म्हणला, गाडीला कायबी झालं न्हाय, चाकात हवा भर आन् जा." शबनमला ते पटलं. आलेलं गिऱ्हाईक जो परत पाठवतो, त्याच्याकडे जाऊन बघायला हरकत नाही.

माणिकप्पानंच माझी चाकं चढवली, सीटा टेम्पोत टाकल्या आणि टेम्पोला दोर बांधून मला टोचन केलं, म्हणजे ओढत नेलं. इंजिन पोत्यात, पोतं मागच्या सीटवर, आणि स्टिअरिंगला शबनम, एका उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसलेली. इंजिन बंद असलं की माझे ब्रेक दगडासारखे होतात. सगळ्या वाटेनं ती जीव मुठीत धरून ब्रेकवर उभी राहत होती. आगीतून फुफाट्यात तर चाललो नाही ना, हे तिच्या मनात होतं. माझ्याही होतं.

रेवणप्पाचं गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक बाभूळ. त्यानं पोत्यात डोकावलं, मग माझ्या रिकाम्या छातीत.

"काय झालंय हिला?" शबनमनं विचारलं.

"मला म्हायीत न्हाय," रेवणप्पा म्हणाला.

शबनमचा चेहरा पडला. एवढ्या लांब आणून हेच ऐकायचं होतं का?

"बसा," तो म्हणाला. "आदी मला सांगा, बंद पडायच्या आदी गाडी काय करायची?"

"शाळंच्या पोरी घेऊन सपाटीला नीट चालायची. चढाला लागली की आचके द्यायची आन् थांबायची. मी उगं बसून ऱ्हायची थोडा वेळ. मग चालू व्हायची, जसं काय झालंच न्हाय."

"हे तिकडं सांगितलं व्हतं का?"

"कुणी इचारलंच न्हाय."

रेवणप्पानं इंजिनाला हातही न लावता माझ्या खाली शिरून टाकी उतरवली आणि घमेल्यात उपडी केली. आधी पेट्रोल आलं, आणि मागोमाग तपकिरी चिखल. किती दिवसांचं ते दुखणं, मित्रांनो, घमेल्यात पडलेलं बघून माझा जीव हलका झाला.

"ह्यो गंज नळीच्या तोंडाला जाऊन बसतो," रेवणप्पा म्हणाला. "पेट्रोल अडतं. गाडी थांबली की गंज खाली पडतो, म्हणून परत चालू व्हती. पण थांबा, एवढ्यावर खूश हू नका." त्यानं पोत्यातला कार्बोरेटर काढून हातात फिरवला. "ह्यो तुमच्या गाडीचा न्हाय. झिजलाय."

शबनम ताडकन उठली. "जाऊन जाब इचारते त्याला!"

"जावा. तुमचा हक्कच हाय. पर पुरावा काय दाखवणार? आन् पोरींची परीक्षा कवा हाय?"

ती उठली होती, ती खाली बसली. माझा कार्बोरेटर मला पुन्हा कधी मिळाला नाही. कुठल्यातरी रस्त्यावर तो आजही कुणासाठी तरी धावत असेल.

काम सुरू करण्याआधी रेवणप्पानं तिला माझ्याखाली वाकायला लावलं आणि पेचकसानं माझा तळ टोचला. पेचकस आरपार गेला. "पत्रा कुजलाय. इथं जोड मारून देतो. तरी हिला हायवेला काढू नका आता. आन् पोरी लई बसवता तुमी. कमी बसवा."

"मग दोन खेपा कराव्या लागतील. पेट्रोल दुप्पट, हातात उरणार काय?"

"कमी उरंल," रेवणप्पा म्हणाला. "त्येला माझ्याकडं इलाज न्हाय."

तिला ते आवडलं नाही. बाभळीखाली बसून तिनं बोटांवर हिशेब मांडला, मोडला, पुन्हा मांडला. मग म्हणाली, "करा काम."

त्यानं टाकी धुतली, झिजलेला कार्बोरेटर जमेल तेवढा नीट केला, इंजिन जुळवलं, काढलेला प्रत्येक जुना भाग तिच्यापुढे ठेवला. एका सकाळी शबनमनं किल्ली फिरवली. आधी खोकला आला, मग धूर, आणि मग माझा आवाज. इतक्या दिवसांनी तो ऐकून मी स्वतःच दचकले.

ती आधी घरी गेली नाही. सरळ बिरदेवच्या वस्तीवर गेली.

जाळीच्या वाड्यात कोकरं होती आणि त्यांच्यामध्ये समृद्धी, हातात पाल्याचा भारा. मला बघून तिनं भारा टाकला, पण जागची हलली नाही. बापाकडे बघत राहिली. बिरदेव माझ्याभोवती एक फेरी मारून आला.

"ताई, परत बंद पडली तर?"

शबनम सहज म्हणू शकली असती, आता शंभर टक्के नीट झालीय. तिनं स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. "पडंल कदाचित. जुनी गाडी हाय. पडली तर तुमच्या पोरीला मी चालत शाळेत न्हेईन आन् चालतच घरी आणून सोडीन. पर बंद पडणारच न्हाय, असं मी तुमाला सांगणार न्हाय."

बिरदेव हनुवटी खाजवत उभा राहिला. "बाजारात मेंढरू इकणारा आसं सांगंना कवा," तो म्हणाला. आणि मग, समृद्धीकडे वळून, "जा गं. दप्तर घे."

दप्तर घ्यायला आत जावं लागलं नाही. हरणाबाई ते छातीशी धरून कधीची दारात उभी होती.

समृद्धीची परीक्षा झाली. निकाल अजून लागायचा आहे. मी रोज दोन खेपा करते. माझ्या तळाला जोड आहे, अंगात परका कार्बोरेटर आहे, आणि उतारवय तर काही कुणाला चुकत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, शिलाई यंत्र असेल, पाण्याची मोटर असेल, तर तिला महिनोन् महिने विसरून ठेवू नका. अधूनमधून आत डोकावा, पुसा, तेल द्या. आम्ही मुके आहोत. आतलं दुखणं आम्हाला सांगता येत नाही. आणि दुरुस्तीची वेळ आलीच, तर मोठी पाटी बघून भुलू नका. आम्हाला रोज हाताळणाऱ्याला जो आधी बसवून विचारतो, आणि जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणतो, त्याच्या हातात आमची किल्ली द्या. त्याच्या दारात आम्ही सुटे होऊन पडलो, तरी आम्हाला भीती वाटत नाही.