दाराबाहेरचा जोडा

मित्रांनो, मी एक जुना काळा जोडा आहे. जोडा म्हणजे आम्ही दोघं आलोच. पण माझा डावा भाऊ पहिल्यापासून घुमा, म्हणून बोलण्याचं काम माझ्याकडे. थायलंडच्या उत्तरेला, चिआंग रायच्या डोंगरातल्या लाहू आदिवासींच्या एका वस्तीत, सरपंचांच्या घरी, तांदळाच्या पिंपाशेजारी एका पिशवीत आमचा मुक्काम असतो. वस्तीतल्या कितीतरी बायका माझ्या जोरावर थायलंडच्या नागरिक झाल्या, असं मी मानतो. डावा मानत नाही.

माझा जन्म बँकॉकजवळच्या एका कारखान्यातला. टाच बसकी, पुढून पूर्ण बंद, दिसायला साधा. शाळेच्या एका बाईंनी मला विकत घेतलं आणि बदली होऊन जाताना सरपंचांच्या बायकोला, बुआखामला, देऊन टाकलं. तेव्हाच वस्तीतल्या एका बाईला नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी तालुक्याच्या कचेरीत जायचं होतं. आमच्याकडे बारा महिने सगळ्यांच्या पायांत रबरी चपला. कचेरीत मात्र नीटनेटकं जावं लागतं. बुआखामने मला पुढे केलं आणि ती बाई पास झाली. झालं, तेव्हापासून परीक्षेला जाणारी प्रत्येक बाई मला मागून नेऊ लागली. कुणाला मी ढगळ व्हायचो, मग माझ्या पोटात चिंध्या कोंबायच्या. कुणाला घट्ट व्हायचो, मग ती दात आवळून चालायची.

आता गंमत ऐका. इतक्या परीक्षांना गेलो, पण एकही डोळ्यांनी पाहिली नाही. आमच्या लोकांत कुणाच्या घरात पायताण घालून जात नाहीत. मग जिथे साहेब बसतात तिथे कसं जायचं? प्रत्येक बाई मला डोंगरावरून मिरवत आणायची आणि खोलीच्या दारात काढून अनवाणी आत शिरायची. सरकारी कचेरीत जोडे झिजतात म्हणतात. मी तिथे नुसता बसून राहिलो. कान मात्र तयार झाले.

या सगळ्या बायकांत माझा जीव जडला तो नापुएवर. नापुए ब्रह्मदेशातून आईच्या पाठीवर बसून इकडे आली. इथेच वाढली, इथल्या मळ्यांत चहा खुडला, नवरा गेल्यावर एकटीने लेक वाढवली. ती लेक दूर रयोंगला, समुद्राकाठच्या कारखान्यात लागली आणि तिथेच तिला मुलगी झाली. नापुएकडे रहिवासाचं कार्ड होतं, पण प्रांताची हद्द ओलांडायची तर दरवेळी परवानगीचा कागद काढावा लागे. एकदा नातीला बघायच्या घाईत ती कागदाशिवाय निघाली. नाक्यावर शिपायाने तिला उतरवलं. भरलेली बस खिडक्यांतून बघत होती. लेकीसाठी केळीच्या पानात बांधलेला चिकट भात तिने रस्त्याकडेला बसून एकटीनेच खाल्ला. तिथेच तिने ठरवलं, आता जाईन ती कुणाला न विचारता.

परीक्षेची तयारी बुआखामने करून घेतली. चहा खुडता खुडता प्रश्न चालायचे.

"मावशी, आपलं राष्ट्रीय फूल?"

"बहावा."

"आणि प्राणी?"

"हत्ती. माझा मका तुडवून गेलाय मेला, विसरेन कशी?"

राष्ट्रगीत तर तिला असं पाठ झालं होतं की झोपेतून उठवलं तरी म्हणेल. त्यामुळे परीक्षेच्या दिवशी मी दारात अगदी निर्धास्त होतो. आतून परीक्षा घेणाऱ्या मॅडमचा आवाज आला.

"आजी, थाई बोलता येतं ना तुम्हाला?"

"छे हो मॅडम, मला कुठलं येतंय. डोंगरातली अडाणी बाई मी."

"राष्ट्रगीत येतं?"

"आपलं मोडकंतोडकं. तुमच्यापुढे काय म्हणायचं ते."

"बरं, झेंड्यात रंग कोणते?"

"तुम्ही शिकलेली माणसं. मी काय सांगणार तुम्हाला?"

मित्रांनो, आमच्यात मोठ्या माणसासमोर 'मला येतं' म्हणणं हा उद्धटपणा समजतात. पाहुण्याने कालवणाची तारीफ केली, तर करणारी म्हणते, आज काही चवच नाही. नापुए चांगल्या खणखणीत थाईत सांगत होती की मला थाई येत नाही, आणि मॅडम बिचाऱ्या तेच लिहून घेत होत्या. मला इतका राग आला की काय सांगू. ती नापास झाली.

परतताना पिकअपच्या मागच्या बाकावर बुआखामने तिला धारेवर धरलं.

"तुला येत होतं की नव्हतं?"

"येत होतं गं."

"मग तोंड का शिवलं होतंस?"

"आपल्या तोंडाने आपलंच कौतुक? माझ्या आईने नाही शिकवलं असलं."

"तुझ्या आईला कुणी परीक्षेला बसवलं नव्हतं, मावशी."

त्यानंतर मळ्यात वेगळाच अभ्यास सुरू झाला. सगळ्या बायका तिला येता-जाता विचारायच्या आणि तिने ताठ मानेने उत्तर द्यायचं.

"मावशी, स्वयंपाक येतो?"

"जमतो आपला थोडाफार..."

"मावशी!"

"येतो. तुझ्यापेक्षा बरा येतो."

मग हशा पिकायचा, आणि नापुए लाजून टोपलीत तोंड घालायची.

दुसऱ्या वेळी मी पुन्हा दाराबाहेर. मॅडम त्याच होत्या. "या वेळी तरी थाई येतं का, आजी?" आत खुर्ची करकरली. माझ्या टाचा गार पडल्या.

"येतं," नापुए म्हणाली. मग जरा मोठ्याने, "राष्ट्रगीतही येतं, मॅडम. राग मानू नका, पण चांगलं येतं."

आणि तिने सूर लावला. आमच्याकडे राष्ट्रगीत कानावर पडलं की माणूस असेल तिथे उभा राहतो. व्हरांड्यात बसलेली माणसं उठली, चहाचा ट्रे घेऊन चाललेला शिपाई माझ्याशेजारी थांबला, जिन्यावरचे लोक जिन्यावरच थबकले. ज्या बाईला बसमधून उतरवलं होतं, तिच्यासाठी अख्खी कचेरी उभी होती. तिला ते ठाऊकही नव्हतं. मी पाहिलं, आणि अभिमानाने माझा ऊर भरून आला.

मंजुरी यायला पुष्कळ दिवस लागले, पण आली. कार्ड हातात पडताच नापुए मला पायांत घालून रयोंगला निघाली. नाक्यावर बस थांबली. एक तरुण शिपाई चढला, इतरांची कार्डं बघत आला आणि म्हातारीला बघून तसाच पुढे गेला.

"ए बाळा, माझं राहिलं," नापुए म्हणाली.

"असू द्या आजी. बसा निवांत."

"निवांत काय? बघ आधी."

त्याने कार्ड घेतलं, उलटसुलट केलं आणि हसून परत दिलं. "कुठं निघालात?"

"नातीकडे. परवानगी लागते का?"

"कशाची परवानगी, आजी?"

नापुएने कार्ड खांद्यावरच्या झोळीत ठेवलं आणि रयोंगपर्यंत खिडकीतून बघत बसली.

आता माझा तळ सुटत आलाय, तरी बुआखाम मला तेल लावून जपते. अजून दोघीजणी रांगेत आहेत. मित्रांनो, तुमच्याजवळ माझं एकच मागणं आहे. कुठल्या कचेरीच्या दारात काढून ठेवलेले जोडे दिसले, तर त्यांना पायाने बाजूला सारू नका. आत कुणीतरी 'मला येतं' म्हणायचा धीर गोळा करत असेल.