सत्तर टक्के

मी वायरमन माणूस. दिवा लागला की काम झालं, एवढंच मला कळतं. त्यामुळे पोरीनं घरचा कॉम्प्युटर संशोधनाला दिलाय असं सांगितलं, तेव्हा मी विचारलं, न्यायला कोण येणार? ती खोकला येईपर्यंत हसली.

"न्यायचा नाही हो बाबा. आपण वापरत नसतो तेव्हा तो संशोधकांची आकडेमोड करतो. मोठं गणित आहे, त्याचे तुकडे करून घरोघरी वाटतात."

गणित फुप्फुसांच्या आजाराचं होतं. तिच्याच. वय एकवीस आणि एक जिना चढताना दोनदा बसायची. "फुकटची हमाली," मी पुटपुटलो, पण ते यंत्र बंद करायला कधी हात धजला नाही.

मागच्या आठवड्यात तिला दवाखान्यात दाखल केलं. निघताना तिचं एकच टुमणं. "हातातला तुकडा गुरुवारी सकाळपर्यंत परत जायला हवा. कॉम्प्युटर बंद करू नका." मी शब्द दिला.

सोमवारी सकाळी तिच्या खोलीत जळका वास आला. प्लगला हात लावला तर चटका बसला, सॉकेट तपकिरी पडलेलं. असलं बघून गप्प बसणारा वायरमन अजून जन्माला यायचाय. मेन स्विच पाडला, नवं सॉकेट बसवलं, दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. कॉम्प्युटरचा पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला. पडद्यावर पासवर्डची चौकट होती, ती नेहमीचीच असेल असं धरून मी दार ओढून घेतलं.

त्याच दिवशी डॉक्टरांनी मला आणि बायकोला बाजूला घेतलं. औषध लागू पडत नव्हतं. यापुढे फार काही करता येईल असं त्यांना वाटत नव्हतं. बायकोला बाहेरच्या बाकावर बसवलं, तोंड धुतलं आणि पोरीपुढे जाऊन म्हणालो, "डॉक्टर खूश आहेत. सुधारणा आहे."

"आणि कॉम्प्युटर?"

"चालू आहे की!"

"उद्या येताना किती टक्के झालं ते बघून या."

मंगळवारी बघितलं तर टक्के कुठेच नव्हते, तीच चौकट. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पंखा नुसताच फिरत होता, काम कालपासून ठप्प होतं. पासवर्ड विचारावा तर बंद केल्याची कबुली द्यावी लागणार. एक वाईट बातमी पोटात होतीच, दुसरी तोंडातून निघेना.

"सत्तर टक्के," मी ठोकून दिलं.

बुधवारी नव्वद केले. वर म्हणालो, "महिन्याभरात तू घरी हिंडायला लागशील." स्वतःचीच लाज वाटत होती, पण एकदा सुरू केलं की थांबता येत नाही.

गुरुवारी तिनं काही न विचारता फोन माझ्यापुढे धरला. आमचा कॉम्प्युटर सोमवारपासून गप्प, मुदत संपली, तुकडा दुसऱ्या कुणाच्या तरी घरी रवाना. सगळं तिथं लिहिलेलं होतं.

माझं डोकंच सणकलं. "मग पासवर्ड का नाही सांगितलास? बापाला खेळवत बसलीस तीन दिवस?" शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली.

"सांगणार होते." ती दम घ्यायला थांबली. नाकातली नळी तिनं बोटानं सरळ केली. "मंगळवारी सकाळीच फोनवर दिसलं होतं. तुम्ही आल्यावर सांगणार होते. पण तुम्ही सत्तर म्हणालात."

"चुकलं माझं."

"सत्तर कसं म्हणालात माहितेय? डॉक्टरांचं सांगता ना, अगदी तसंच. माझ्याकडे न बघता, पांघरूण नीट करत."

माझा हात तेव्हाही पांघरुणावरच होता.

"तुकडा करेल कुणीतरी पुरा," ती म्हणाली. "डॉक्टर खरं काय म्हणाले?"

मी हात काढून घेतला, तिच्याकडे बघितलं आणि सांगितलं.