तिसऱ्यांदा विचारलंच नाही

हॅलो, हॅलो... दचकू नका. कुणी टिचक्या मारत नाहीये मला, फुंकरही मारत नाहीये. मी स्वतःच बोलतोय. मी पिरंगुटच्या मुळशी कलावंत संघाचा माईक. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं मोठं करून सांगत आलो, आज पहिल्यांदा माझं सांगतो. आणि गोड बोलणार नाही, आधीच सांगून ठेवतो. फसवलंय मला.

मला आणलं हाफीजभाईंनी. हाफीज पेंटर म्हणजे पिरंगुटपासून पौडपर्यंतच्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. एका बँडवाल्यानं नवा माईक घेतला आणि मला विकायला काढलं, तेव्हाच माझ्या डोक्याच्या जाळीला पोचा आला होता. तो अजून आहे. हाफीजभाई म्हणाले, "आवाज चांगला हाय ना, मग तोंडाकडं काय बघायचं?" त्या एका वाक्यावर मी त्यांचा झालो.

संघ त्यांनीच उभा केला. पाटीवाले, मंडपवाले, मूर्तिकार, फोटोवाले, मेंदीवाल्या, बँडवाले, सगळे त्यात. धरणाकाठच्या रिसॉर्टांत लग्नं व्हायला लागली आणि सजावटीपासून सनईपर्यंत सगळं पुण्याहून यायला लागलं, तेव्हा इथली कामं इथल्या माणसांना मिळावीत म्हणून ही मंडळी एकत्र आली. पगार कुणालाच नाही, पेट्रोलही घरचं. बैठकीची खोली पिठाच्या गिरणीच्या वर. खाली गिरणी सुरू झाली की शेजाऱ्याचं शेजाऱ्याला ऐकू येत नाही. म्हणून तर एवढ्याशा खोलीत माईक लागायचा.

माणसं बघावीत तर माझ्या जागेवरून. "दोनच शब्द बोलतो" म्हणणारा चहा गार होईपर्यंत मला सोडत नाही. "मला बोलता येत नाही" म्हणणाऱ्याच्या हातातून तर ओढूनच घ्यावं लागतं. कुणाची तंबाखू, कुणाचा कांदा, सगळं सोसलं मी. एकटी हाफीजभाईंची लेक आसमा मला हातात घेण्याआधी ओढणीच्या टोकानं पुसायची.

आसमा वडिलांकडून ब्रश धरायला शिकली. फ्लेक्स आले आणि पाट्या रंगवून घेणं लोकांनी सोडलं, तेव्हा ती रिसॉर्टांच्या भिंती रंगवायला लागली. भातखाचरं, बगळे, मासे पकडणाऱ्या होड्या. हाफीजभाई गेल्यावर संघाचं सगळं तीच बघत आली. रिसॉर्टच्या मॅनेजरांना भेटायचं, मूर्तिकारांच्या शेडला वीज मिळवायची, रुसलेल्या बँडवाल्याला घरी जाऊन समजवायचं. माझी वायर तुटली तर डाग द्यायलाही तीच. अध्यक्ष मात्र मंडपवाले हैबतराव. हमरस्त्याला जमीन, भाड्यानं दिलेल्या खोल्या, तोंडानं दिलदार. हार त्यांच्या गळ्यात आणि पायपीट आसमाची, असं वर्षानुवर्षं चाललं.

यंदा हैबतरावांचे गुडघे जिना चढेनात. एका दुपारी त्यांनी आसमाला समोर बसवलं आणि मला हातात धरलं.

"पोरी, आता तूच सांबाळ. तुज्याबिगर हाय कोन? ह्यो तुज्या बापाचा माईक हाय. ह्येच्यावर हात ठिवून सांगतो, अध्यक्ष तूच."

 त्या दिवशी मला खणात ठेवण्याआधी तिनं दोनदा पुसलं. पुढं एकटी असली की ती मला बाहेर काढायची, दाराकडे बघायची आणि हळूच म्हणायची, "अध्यक्ष म्हणून मी सगळ्यात आधी..." एवढं बोलून स्वतःशीच हसायची. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

आता इथली एक रीत सांगतो. पद हवंय असं आमच्याकडे कुणी तोंडानं म्हणत नाही. म्हटलं तर हावरट ठरतो. नाव दुसऱ्यानं सुचवायचं. पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणून मान हलवायची, दुसऱ्यांदा हात जोडायचे आणि तिसऱ्यांदा विचारलं की मला हातात घ्यायचं. माईक घेतला की झाला अध्यक्ष. हैबतरावही असेच झाले होते. तिसरा आग्रह पुरा व्हायच्या आत त्यांचा हात माझ्यापर्यंत पोचला होता, मी विसरलो नाही.

सभेच्या दिवशी गिरणी बंद ठेवली होती. खोली गच्च भरली. पुढच्या रांगेत हैबतरावांचा भाचा दिग्विजय बसला होता. जांबे गावात राहतो, लग्नाबिग्नाचे इव्हेंट करतो, आणि नुकताच सभासद झालेला.

हैबतरावांनी मला तोंडापुढं धरलं. "आसमाचं नाव मी सुचिवतो. काय गं, व्हतीस का अध्यक्ष?"

आसमानं रीतीप्रमाणे मान हलवली. "नको काका, माझ्यापेक्षा मोठी माणसं बसलीत इथं."

"बरं. पोरगी न्हाई म्हनतीया, तर बळजबरी कशाला?"

अहो थांबा! हे तर पहिल्यांदाच विचारलंत! मागून मूर्ती करणाऱ्या साळूबाईही म्हणाल्या, "आवं, फिरून इचारा की तिला." पण साळूबाईंच्या तोंडापुढं मला कोण नेणार? हैबतरावांनी मला घट्ट धरून दिग्विजयचं नाव घेतलंसुद्धा.

त्यानं मान हलवली. हैबतराव लगेच म्हणाले, "आरं, आसं कसं? तरण्या पोरांनी म्होरं याया पायजे!" त्यानं हात जोडले. "आता आडून बसू नगंस, सगळ्यांची इच्छा हाय!" मग साहेब उठले, "तुमचा एवढा आग्रहच आहे तर" म्हणाले आणि त्यांनी मला घेतलं. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबायच्या आत दिग्विजयच्या दोघा दोस्तांनी कोपऱ्यातली गुंडाळी उलगडली. फ्लेक्स! गॉगल लावलेला दिग्विजय, खाली 'अध्यक्षपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि शुभेच्छुक म्हणून हात जोडलेले हैबतराव.

फ्लेक्स सभेच्या आधीच छापून आणलाय, हे पाटीवाल्याच्या लेकीला कुणी सांगायला नको. तिनं हैबतरावांकडे पाहिलं. ते खाली वाकून माझ्या वायरची गुंतवळ सोडवायला लागले. वायर गुंतलेली नव्हतीच.

माझ्या अंगावर हात ठेवून दिलेला शब्द हो! हाफीजभाईंचं नाव घेऊन दिलेला! अशा वेळी आवाज असून काय उपयोग, तो दुसऱ्यानं बोलल्याशिवाय निघत नाही.

त्यानंतर बैठक अशी झालीच नाही. दिग्विजयनं बिनवायरचा माईक आणलाय, रिसॉर्टच्या हिरवळीवर पाहुण्यांसमोर बोलतो. रिसॉर्टांची कामं त्याच्याच कंपनीकडे जातात आणि सजावट पुन्हा पुण्याहून येते. आमचे बँडवाले, मेंदीवाल्या फोनची वाट बघतात. मी खणात पडून आहे, वरून तो फ्लेक्स कोंबलाय.

परवा आसमा खोलीची किल्ली परत ठेवायला आली. खाली गिरणी चालू होती. तिनं फ्लेक्स बाजूला सारला, मला बाहेर काढलं, पुसलं आणि तोंडाजवळ धरलं.

"मला व्हायचं होतं," ती म्हणाली. "काका, मला व्हायचं होतं."

वायर जोडलेली नव्हती. खाली कुणाचं तरी दळण चाललं होतं. मी सोडून कुणीच ऐकलं नाही.

साळूबाई, बँडवाले, फोटोवाले, तुमच्यासाठी तिनं चपला झिजवल्यात. साळूबाई सोडल्या तर तुम्हीही त्या दिवशी गप्प बसलात, तेही मला लागलंय. पण संघ अजून मोडलेला नाही. सभा बोलवा, या गिरणीवरच बोलवा, आणि तिला विचारा. ती मान हलवेल, थांबू नका. हात जोडेल, तरी थांबू नका. तिसऱ्यांदा विचारा आणि मला तिच्या हाताशी ठेवा.

मी तयार आहे. जाताना तिनं मला पुसूनच ठेवलंय.